समुद्राकाठचं घर कोणी घालवलं

आमच्याकडे चार माणसं जेवायला आली आणि गप्पा घरांच्या किमतींवर आल्या, की माझा नवरा हमखास एक किस्सा सांगतो. "हॉलंडमध्ये समुद्राकाठी आमचं घर होणार होतं. सगळं ठरलं होतं. हिने एक फोन केला आणि घालवलं." एवढं बोलून तो माझ्याकडे बघून हसतो, पाहुणेही हसतात, आणि मी ताटं उचलायच्या निमित्ताने आत जाते. आत जाऊन मी ताटं आदळते, ते बाहेर ऐकू जातं की नाही कोण जाणे. चार लोकांत तमाशा नको म्हणून इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं. आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते. तमाशा व्हायचा तर होऊ दे.

लग्न होऊन मी नव्वदीच्या सुरुवातीला शारजाला आले आणि पुढे भाडी परवडेनात तसे आम्ही अजमानला सरकलो. नवरा सिव्हिल इंजिनियर, एका डच कंपनीत. समुद्रातला गाळ उपसून बंदरं खोल करायची, हे त्या कंपनीचं काम. त्याची साइट बरीच वर्षं हमरियाच्या बंदरावर होती. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेली, शारजाच्या एका भारतीय शाळेत शिकवायला लागले. 'लागले' म्हणणं सोपं आहे. तिथे बायको नवऱ्याच्या व्हिसावर असते, म्हणून तिला नोकरी करायची तर आधी नवऱ्याचं पत्र लागतं, की माझी हरकत नाही. गाडी शिकायची तरी तेच पत्र. एनओसी म्हणायचे त्याला. नवरा सही करताना पेन हवेत धरून थांबायचा आणि म्हणायचा, "बोल, घेऊ का हरकत?" सुरुवातीला मीही हसायचे. नंतर नंतर ते पेन त्याच्या हातातून हिसकावून घ्यावंसं वाटायचं.

फ्लॅटचा करार त्याच्या नावावर, फोन त्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर. विकत घर घ्यायचा प्रश्नच नव्हता, त्या काळी आमच्यासारख्यांना तिथे घर घेताच येत नसे. मालकाच्या मनात आलं की नोटीस यायची आणि आम्ही पुन्हा खोकी बांधायला बसायचो. "आई, नॉट अगेन!" म्हणून मुलगी पाय आपटायची. मी खोक्यांवर मार्करने 'किचन', 'देव', 'पुस्तकं' असं लिहीत असायचे आणि मनात म्हणायचे, जगात कुठेतरी एक भिंत अशी असू दे, जिच्यात खिळा ठोकताना मला कुणाला विचारावं लागणार नाही.

दोन हजार सालानंतर कंपनीने नवऱ्याला हॉलंडच्या हेड ऑफिसमध्ये बोलावलं. पुढच्या वर्षी जॉइन व्हायचं होतं, त्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे जाऊन घर बघून या, असं कंपनीनेच सुचवलं. मुलीला पुण्यात आईकडे ठेवलं आणि आम्ही दोघं गेलो. नवऱ्याला रोज मीटिंगा. त्यामुळे घरं बघायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं.

ते गाव समुद्राकाठचं, छोटं. एकेका गल्लीत विटांची घरं एकमेकांना चिकटून उभी, प्रत्येकाला एक दार, एक मोठी खिडकी आणि वर कौलं. आपल्याकडच्या रो-हाउसची खापरपणजी म्हणावी अशी. एजंट सायकलवरून आला होता. त्याने दाखवलेलं घर रांगेतलं सगळ्यात अरुंद होतं. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि मधून वर जाणारा जिना इतका उभा की उतरताना त्याच्याकडे तोंड करूनच उतरायचं. मागे फरशीचं अंगण, त्यापलीकडे समुद्राचा बांध. बांधावर चढलं की पाणी, राखाडी, लांबच लांब. वाऱ्याने वाळू उंबऱ्यापर्यंत येत होती. अजमानला दारात येणारी वाळू झाडून माझा जीव जायचा, पण या वाळूचा मला राग आला नाही. का ते मी सांगू शकणार नाही.

घर एका म्हातारीचं होतं. नवरा वारलेला, तो मासेमारीच्या बोटीवर होता. आता ती मुलीकडे राहायला जाणार होती. तिने मला घर दाखवताना कपाट स्वतः ढकललं आणि मागची ओली भिंत दाखवली. हे आधी बघा, मग बाकीचं बघा, असं एजंटकरवी सांगितलं. मी भिंतीवर नखाने खरवडून बघितलं. पांढरा भुगा आला. लोणा होता, खाऱ्या हवेतल्या विटांना लागतो तो. गळती नाहीये, हे मिठाचं आहे, दुरुस्त होईल, असं मी म्हटलं तेव्हा ती बाई हसली आणि तिने मला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. त्या टेबलाशी बसल्याबसल्या मी मनातल्या मनात ओटा कुठे, देव कुठे, मुलीचं टेबल कुठे, सगळं लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला नेलं. दाराच्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं. "माचिसची डबी आहे ही," तो म्हणाला. मी हार मानली नाही. स्टेशन जवळ आहे, शाळा जवळ आहे, तुमचं ऑफिस किती मिनिटांवर आहे, सगळं त्याच्यापुढे ठेवलं. संध्याकाळी आम्ही बांधावर फिरत होतो तेव्हा तो एकदम म्हणाला, "ठीक आहे. घे. तुझं घर."

"दोघांच्या नावावर हं," मी लगेच म्हणाले.

"अगं हो गं बाई, दोघांच्या."

वारा होता, माझे केस तोंडावर येत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की मी त्या बांधावर, चार डच माणसांदेखत, त्याचा हात धरून चालले. तो आनंद आठवला की आता स्वतःचीच चीड येते.

अजमानला परत आल्यावर फॅक्स सुरू झाले. हॉलंडमध्ये घराचा व्यवहार नोटरी करतो. आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्का मारून देतात तसला नोटरी नव्हे. तिथे तो मोठा माणूस, प्रत्येक कागद तपासून मगच घर एका नावावरून दुसऱ्या नावावर नेणारा. त्याने आमचे पासपोर्ट, जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागवला. आम्ही पाठवले. आणि इथे माझ्या लग्नाच्या दिवशी झालेली एक गोष्ट वर आली.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनाव तर बदलतंच, पण नावही. नवरी सासरी आली की लक्ष्मीपूजन होतं, ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सगळे वाकून वाचतात, टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. माझं नवं नाव मला त्या ताटातच पहिल्यांदा कळलं. नवऱ्याच्या आत्याने ते सुचवलं होतं, त्याच्या नावाशी जुळतं म्हणून. 'आवडलं का?' असं मला विचारलं तेव्हा ते लिहून झालेलं होतं. मी मान हलवली. एम.एस्सी. झालेली मुलगी, आवर्तसारणी तोंडपाठ असलेली, तिने तांदळाकडे बघून मान हलवली. तेव्हा तसंच करायच्या सगळ्या. पण सगळ्याच करायच्या म्हणून ते बरोबर होतं असं मला कुणी आता सांगू नये.

गंमत अशी की ताटातल्या तांदळापलीकडे ही नावबदली कुठे नोंदवलेली नसते. रीतसर करायची तर सरकारी गॅझेटमध्ये छापून आणावी लागते, आणि ती तसदी कोण घेतो? माझ्या लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव. जन्मदाखल्यावर, डिग्रीवर माहेरचं नाव. पासपोर्ट काढला तो लग्नानंतर घाईत, एजंटने त्यावर सासरचं नाव घातलं. शारजात व्हिसाच्या वेळी काउंटरवरच्या माणसाने दोन्ही कागद बघून भुवया उंचावल्या होत्या. कंपनीचा सरकारी कामं करणारा माणूस, मंदूब म्हणतात त्याला, तो पुढे झाला, काहीतरी हसून बोलला, हबीबी हबीबी झालं, शिक्का बसला. "खलास, मॅडम. यल्ला." झालं काम, चला, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलं की कागद म्हणजे काउंटरवरच्या माणसाला पटेल ते सांगणं.

डच नोटरीला पटेना. त्याचं पत्र फार सभ्य होतं. आपला विवाह एका महिलेशी झालेला दिसतो, आणि घर मात्र आपण दुसऱ्या एका महिलेबरोबर घेत आहात. या दुसऱ्या महिलेचं आपल्याशी नातं कळवावं. मला आधी हसू आलं. मी ते पत्र शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आम्ही पाच-सहा मराठी बायका पोटभर हसलो, कारण त्यातल्या बहुतेक जणी माझ्यासारख्याच दोन-दोन होत्या. मग घरी येऊन मी नीट विचार केला. उपाय होता. पुण्यात माझा भाऊ होता, त्याने गॅझेटचा अर्ज केला. दोन-तीन महिने लागतील म्हणाला. मी एजंटला फोन करून सगळं समजावलं, त्याने म्हातारीला विचारलं, ती थांबायला तयार झाली. तिला काही घाई नव्हती. मुलीकडची खोली अजून रंगवून व्हायची होती.

घाई होती ती माझ्या नवऱ्याला. जॉइन व्हायची तारीख जवळ येतेय, घर हातात हवं, हे रोज. "आधी माझ्या एकट्याच्या नावावर होऊ दे. तुझं मागाहून टाकू. काय फरक पडतो?"

"फरक पडत नाही तर माझ्या एकटीच्या नावावर घ्या," मी म्हणाले. "तुमचं मागाहून टाकू."

यावर तो असा बघत राहिला, जणू मी त्याला लुंगी नेसून ऑफिसला जा म्हटलं होतं.

गुरुवारी रात्री कुणाकडे तरी जमायचं, ही आमची तिथली रीत, शुक्रवारी सुट्टी म्हणून. तिथेही हाच विषय. नवऱ्याचा एक मित्र, ट्रेडिंगचा धंदा करणारा, मला समजावू लागला. "वहिनी, कशाला टेन्शन घेता? नवऱ्याचं ते बायकोचंच ना? पेपरवर नाव असलं काय, नसलं काय." त्याचं दुकान, गोडाऊन आणि पुण्यातले दोन फ्लॅट कुणाच्या नावावर आहेत, हे मी विचारलं. तो म्हणाला, "अहो, ते टॅक्ससाठी असतं." त्याची बायको ताटलीत वेफर्स काढत होती, तिने मान वर केली नाही. तिथल्या एकाही बाईने माझ्या बाजूने तोंड उघडलं नाही, आणि त्याचा राग मला नवऱ्याच्या रागाइतकाच आला होता. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच एकीने फोन करून हळू आवाजात सांगितलं, "सोडू नकोस." फोनवर!

मग एक गुरुवार असा आला की नवरा दुबईहून उशिरा परतला, हातात मिठाईचा डबा. नुसताच डबा नाही, चेहऱ्यावरही पेढे. "घे, तोंड गोड कर. घराचं काम झालं."

मला वाटलं, गॅझेट आलं. भावाने नवऱ्याच्या ऑफिसात फॅक्स केला असणार. "गॅझेट आलं?" म्हणत मी पेढा तोंडात घातलासुद्धा.

"गॅझेट कुठलं? त्याची गरजच नाही आता," तो सोफ्यावर बसत म्हणाला. "मी विचार केला, नोटरीचा प्रॉब्लेम काय? माझं लग्न. लग्न झालं म्हटलं की बायको आली, बायको आली की तिचे दहा पेपर आले. मी त्याला फॅक्स केला, लग्नाचा जुना दाखला बाजूला ठेवा, मी आता सिंगल आहे. तसं इथे कॉन्सुलेटमध्ये लिहूनही दिलं, सहीसकट. पुढच्या आठवड्यात तो माझ्या वतीने सही करेल. संपला विषय."

"सिंगल म्हणजे?"

"अगं, फक्त कागदावर."

तो पेढा मला गिळता येईना आणि थुंकताही येईना. मुलगी आत गृहपाठ करत होती. तिने आतून ओरडून विचारलं, "बाबा, डिड वी गेट द हाउस?" आणि हा ओरडला, "येस, बेटा!" कुठली मुलगी? सिंगल माणसाची? मी त्याला विचारलं, की मला तिकडचा व्हिसा कोण देणार, तुम्ही सिंगल झालात तर? तो म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू. तिथे परत लग्नाचा दाखला दाखवू." तो खरंच तसं धरून चालला होता. एका खिडकीवर अविवाहित, पुढच्या खिडकीवर विवाहित, आणि मधल्या काळात मी कुठेतरी खोक्यात, मार्करने नाव लिहून ठेवलेली. घर मी शोधलं, त्या ओल्या भिंतीला हात मी लावला, म्हातारीशी मी बोलले. आणि ते घर घ्यायचं म्हणून त्याने आधी काय काढून टाकलं, तर मला. ओरडले मात्र नाही. मी रात्रभर जागी राहिले, आणि तो शांत झोपला.

आमचा शुक्रवार सुट्टीचा, त्यांचा कामाचा. दुपारी जेवणं झाल्यावर, तो समोर पेपर वाचत बसलेला असताना, मी हॉलमधल्या फोनवरून नोटरीच्या ऑफिसला फोन लावला. चोरून करायचा नव्हता मला. नोटरी स्वतः फोनवर आला. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच शाळेत शिकलेलं, सावकाश. मी सांगितलं, "तुमच्याकडच्या कागदांवर ज्या दोन बायका आहेत, त्या दोन्ही मीच. आणि हा माणूस सिंगल नाही. त्याचं लग्न झालेलं आहे, माझ्याशी."

नवरा उठून उभा राहिला. पेपर खाली पडला.

नोटरी म्हणाला, की मग हे खरेदीखत मी करू शकत नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. तो पुढे म्हणाला, की तुमच्या सरकारचा कागद आला की पाठवा, मी दोघांच्या नावाने नवीन करतो, यात काही कठीण नाही. संध्याकाळी एजंटचाही फोन आला. म्हातारी थांबायला तयार आहे, सप्टेंबरपर्यंतसुद्धा.

हे नीट वाचा. घर गेलं नव्हतं. कुणी पाठ फिरवली नव्हती, कुणी दंड मागितला नव्हता. फक्त थांबायचं होतं.

नवरा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मुलीकरवी निरोप. "आई, बाबा वॉन्ट्स टी." मी चहा करून द्यायचे, हेही लिहून ठेवते, कारण त्याचाही मला राग आहे. मग भावाने कळवलं की गॅझेट छापून आलं. कुरियरने त्याची प्रत अजमानला आली. बारीक अक्षरांच्या लांबलचक रांगेत माझी दोन्ही नावं शेजारी शेजारी, मध्ये एक रेघ. मी एजंटला फोन केला. घर तसंच होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा साइटवरून आल्यावर मी ती प्रत त्याच्यासमोर टीपॉयवर ठेवली आणि म्हटलं, "आलं. आता पाठवू या."

त्याने ती उचलून बघितलीही नाही.

"मी एजंटला नाही म्हणून सांगून टाकलंय," तो म्हणाला. "आजच सकाळी. हेड ऑफिसलाही कळवलं, फॅमिली तयार नाही म्हणून. आता ते घर नको, ते गावही नको."

"पण का? सगळं तर झालंय. फक्त दोन सह्या."

"का काय? त्या नोटरीसमोर माझी इज्जत राहिली का काही? कोणत्या तोंडाने जाऊ त्याच्यासमोर?"

तो खरोखर दुखावला होता. डोळ्यांत पाणी आणून बोलत होता. माझा नवरा माझा नवरा आहे हे एका परक्या माणसाला कळलं, एवढ्यानेच त्याची इज्जत गेली होती.